सर्व्हरला कर्नल पॅनिक आला की नेमकं काय बघायचं

लिनक्स कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, सोर्स कोडमध्ये पॅनिक नावाचं खरोखर एक फंक्शन आहे, कुणीतरी बसून मुद्दाम लिहिलेलं, आणि पॅनिक येतो तेव्हा कर्नलने स्वतःहून तेच फंक्शन बोलावलेलं असतं. एवढं डोक्यात बसलं की पुढचं बरंच सोपं जातं. साधा एखादा प्रोग्रॅम कोसळला तर त्याच्या वरती कर्नल बसलेला असतो, तो त्याची मेमरी परत घेतो, उघड्या फाइल बंद करतो आणि बाकीच्यांचं काम चालू राहतं. पण खुद्द कर्नलचाच हिशोब चुकला तर त्याला आवरणारा वर कुणी नाही. आपल्या मेमरीत भलतंच काहीतरी लिहिलं गेलंय हे कळूनही त्याने तसंच पुढे रेटलं तर तोच कचरा फाइलसिस्टिममधून डिस्कवर जाणार, डेटाबेसची पानं खराब होणार, आणि तुम्हाला ते कळेपर्यंत बॅकअपमध्येही तेच शिरलेलं असणार. त्यापेक्षा जागच्या जागी थांबलेलं परवडतं, म्हणून तो थांबतो. पॅनिकच्या ओळीत 'नॉट सिंकिंग' असे शब्द दिसतात ते ह्याच अर्थाने, मेमरीत डिस्कवर लिहायचं जे काही बाकी होतं ते मी आता लिहीत नाही, माझाच माझ्यावर भरवसा उरलेला नाही.

आता पहिली गोष्ट, सर्व्हर क्रॅश झाला असं सगळे म्हणतात पण त्या एका वाक्यात चार-पाच वेगळे आजार लपलेले असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. पॅनिक असेल तर कन्सोलवर मजकूर येतो. हँग असेल तर काहीच येत नाही, पिंगही जात नाही किंवा पिंग जातं पण लॉगिन होत नाही. तिसरा प्रकार म्हणजे मशीन एक अक्षरही न बोलता थेट रीबूट होतं, आणि ह्यात कर्नलचा संबंधच नसण्याची शक्यता मोठी, पॉवर सप्लाय, तापमान, हार्डवेअर वॉचडॉग (मशीन प्रतिसाद देईना की ते रीसेट करणारं सर्किट), नाहीतर कुणीतरी रिमोट कन्सोलवरून बटण दाबलेलं. चौथा प्रकार म्हणजे सर्व्हर ठणठणीत आहे, फक्त नेटवर्क गेलंय, आणि बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. पाचवा आणि सगळ्यात जास्त गोंधळ घालणारा म्हणजे ओओएम किलर. मेमरी संपली की कर्नल एखादी जड प्रोसेस निवडून मारतो, बहुतेक वेळा तो डेटाबेसच असतो, आणि मग सगळे म्हणतात कर्नल क्रॅश झाला. अहो, कर्नल जिवंत आहे, त्यानेच तर मारलं! लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी' आणि पुढे मारलेल्या प्रोसेसचं नाव दिसलं की हा लेख बंद करा आणि मेमरी कोण खातंय ते शोधा. पॅनिक-ऑन-ओओएम ही सेटिंग कुणी चालू करून ठेवली असेल तर मात्र खरंच पॅनिक येतो, पण ते क्वचित.

हे वेगळं करायला फार काही लागत नाही. मशीन परत वर आल्यावर लास्ट कमांड एक्स ऑप्शन लावून चालवा, ती रीबूट आणि शटडाऊनच्या नोंदी दाखवते आणि नीट शटडाऊन न होता मशीन गेलं असेल तर तिथे क्रॅश असं लिहिलेलं दिसतं. मग जर्नलसीटीएलला मागच्या बूटचे कर्नल मेसेज मागा, पण जर्नल डिस्कवर ठेवायची सेटिंग आधीपासून चालू असेल तरच ते मिळतात, नाहीतर जर्नल रॅममध्येच असतं आणि रीबूटबरोबर साफ. आणि तिसरी जागा जी लोक हमखास विसरतात ती म्हणजे सर्व्हरच्या बोर्डवरच्या मॅनेजमेंट कंट्रोलरचा, म्हणजे बीएमसीचा स्वतःचा इव्हेंट लॉग. तो ऑपरेटिंग सिस्टिमपासून स्वतंत्र असतो, आयपीएमआयटूलने वाचता येतो, आणि पॉवर सप्लाय गेला, पंखा थांबला, मेमरीत न सुधारता येणारी एरर आली असल्या गोष्टी वेळेसकट तिथे पडलेल्या असतात. मी तरी आधी तोच बघतो, कारण तिथे मेमरीची एरर दिसली तर पुढचा ट्रेस, म्हणजे कोसळताना कुठलं फंक्शन कुठून बोलावलं गेलं होतं ती यादी, वाचायचे कष्ट बहुतेक वाचतात.

ऊप्स आणि पॅनिक ह्यातला फरकही आत्ताच सांगून टाकतो. कर्नलच्या आत चूक झाली, उदाहरणार्थ शून्य पत्त्यावरून काहीतरी वाचायचा प्रयत्न झाला, की आधी ऊप्स येतो. त्यावेळी जी प्रोसेस चालू होती तिला मारून कर्नल जमलं तर पुढे चालू राहतो. पण त्या प्रोसेसने एखादं लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारी कडी, धरलेलं असेल तर ते कुणीच सोडत नाही, मग त्या लॉकसाठी दुसरी प्रोसेस थांबते, तिच्यासाठी तिसरी, आणि दोन तासांनी सगळा सर्व्हर अडकतो, तेव्हा तुम्ही बघताय शेवटचा अडकलेला माणूस आणि खरी भानगड दोन तास मागे लॉगमध्ये पडलेली. म्हणून सर्व्हरवर पॅनिक-ऑन-ऊप्स ही सेटिंग एक करून ठेवावी असं माझं स्पष्ट मत आहे, रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्समध्ये ती आधीपासून तशीच असते. अर्धमेल्या कर्नलवर धंदा चालवण्यापेक्षा मशीन लगेच पडलेलं आणि त्या क्षणाचा पुरावा हातात आलेला बरा. आणि तो कर्नल-डॉट-पॅनिक नावाचा आकडा, तो शून्य असेल तर पॅनिकनंतर मशीन तसंच उभं राहतं, कुणीतरी येऊन रीबूट करेपर्यंत, दहा ठेवला तर दहा सेकंदांनी स्वतः रीबूट होतं. इंटरप्टच्या, म्हणजे हार्डवेअरने मध्येच मारलेल्या हाकेच्या, कामात चूक झाली असेल तर मात्र ऊप्सवर भागत नाही, मारायला कुठली प्रोसेसच नसते, थेट पॅनिक येतो आणि ओळीच्या शेवटी 'फेटल एक्सेप्शन इन इंटरप्ट' असं लिहिलेलं असतं.

पुराव्याचं काय होतं ते समजून घ्या कारण सगळी गोम इथेच आहे. लोक सर्व्हर वर आल्यावर व्हार-लॉगमधल्या फाइल उघडतात आणि तिथे काहीच नसतं, क्रॅशच्या आधीची एखादी साधी ओळ आणि एकदम पुढच्या बूटची सुरुवात. साहजिक आहे. लॉग डिस्कवर लिहायला लॉगिंगची प्रोसेस चालू लागते, फाइलसिस्टिम लागते, डिस्कचा ड्रायव्हर लागतो, आणि हे सगळं ज्याच्या जिवावर चालतं तोच थांबलाय. स्क्रीनवर मजकूर असतो खरा, पण साध्या कन्सोलवर शेवटच्या काही ओळीच मावतात, आणि कामाची ओळ नेमकी वर सरकून गेलेली असते. मग कुणीतरी मोबाइलने त्या स्क्रीनचा फोटो काढून पाठवतो आणि त्यात निम्म्या ओळी, त्याही खालच्या.

ह्यावर उपाय चार आहेत आणि चारही क्रॅश व्हायच्या आधी करून ठेवायचे आहेत. सिरियल कन्सोल सगळ्यात जुना आणि सगळ्यात भरवशाचा, बूटच्या ओळीत कन्सोल म्हणून पहिला सिरियल पोर्ट द्यायचा, वेग १,१५,२००, आणि बीएमसीकडून तो मजकूर नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर साठवून घ्यायचा. नेटकन्सोल म्हणजे कर्नल आपले मेसेज थेट यूडीपी पॅकेटमध्ये भरून दुसऱ्या मशीनला पाठवतो, सहसा ६६६६ पोर्टवर, लावायला सोपं आहे पण नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हरच मेला असेल तर उपयोग नाही. पीस्टोअर म्हणजे फर्मवेअरच्या थोड्याशा कायमस्वरूपी जागेत शेवटचा मजकूर कोंबून ठेवायचा आणि पुढच्या बूटला काढून घ्यायचा, जागा फार कमी पण काहीच नसण्यापेक्षा खूप. आणि चौथा तो केडंप, ह्याच्यावर जरा थांबूया.

केडंपची कल्पना मला अजूनही फार आवडते. कर्नल मेला तर डिस्कवर लिहिणार कोण, ह्या प्रश्नाला उत्तर असं काढलंय की दुसरा एक कर्नल आधीच मेमरीत तयार ठेवायचा. बूटच्या ओळीत क्रॅशकर्नल म्हणून थोडी मेमरी, समजा २५६ एमबी, बाजूला काढून ठेवली जाते, चालू कर्नल तिला हातच लावत नाही. तिथे एक छोटा कर्नल आणि त्याचं छोटं इनिटरॅमएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर आणि साधनं असलेली तात्पुरती फाइलसिस्टिम, आणून ठेवलेलं असतं. पॅनिक आला की मशीन रीबूट न करता केएक्सेकने थेट त्या दुसऱ्या कर्नलवर उडी मारली जाते, बायोस नाही, मेमरीची पुसापुशी नाही. तो दुसरा कर्नल स्वतःच्या इवल्याशा जागेत उठतो आणि मेलेल्या कर्नलची सगळी मेमरी त्याला प्रॉक-व्हीएमकोअर नावाच्या फाइलसारखी दिसते. ती उचलून तो व्हार-क्रॅशमध्ये नाहीतर दुसऱ्या मशीनवर लिहितो आणि मग नेहमीसारखा रीबूट. सर्व्हरला एक टीबी रॅम असेल तर एक टीबीची फाइल होणार का, असा प्रश्न हमखास येतो. नाही होत. मेकडंपफाइल नावाचं साधन शून्याने भरलेली पानं, फाइलचा कॅश, रिकामी पानं आणि युजर प्रोग्रॅमचा डेटा गाळून टाकतं, पातळी ३१ दिली की हे सगळं जातं, वरून कॉम्प्रेशन, आणि उरतो तो मुख्यतः कर्नलचा स्वतःचा संसार.

पण केडंप लावलंय असं म्हणणं आणि ते चालणं ह्यात बरंच अंतर आहे. राखून ठेवलेली मेमरी मोठ्या मशीनला कमी पडते आणि दुसरा कर्नल स्वतःच मेमरी संपून मरतो, किंवा त्याच्या इनिटरॅमएफएसमध्ये तुमच्या स्टोरेज कार्डाचा ड्रायव्हरच नसतो, किंवा व्हार-क्रॅश भरलेलं असतं, किंवा हार्डवेअर वॉचडॉग असा बेरकी की डंप लिहून व्हायच्या आत मशीन रीसेट करतो. म्हणून सर्व्हर कामावर लावायच्या आधी एकदा मुद्दाम पाडून बघा. रूट होऊन प्रॉकमधल्या सिसआरक्यू-ट्रिगर फाइलमध्ये सी हे एक अक्षर लिहिलं की कर्नल तिथल्या तिथे पडतो, विचारत बिचारत नाही, त्यामुळे चालू डेटाबेस असलेल्या मशीनवर हा प्रयोग करू नका हे वेगळं सांगायला नको. परत वर आल्यावर डंपची फाइल दिसली तर केडंप चालतंय, नाही दिसली तर आज कळलं हे उत्तम झालं.

हँगसाठी एक खास युक्ती आहे. मशीन गोठलंय, कन्सोलवर काही नाही, तर पॉवर काढून परत लावली की सगळा पुरावा गेला. त्याऐवजी आधीच अननोन-एनएमआय-पॅनिक ही सेटिंग चालू ठेवायची आणि गरज पडली की बीएमसीवरून डायग्नोस्टिक इंटरप्ट पाठवायचा, आयपीएमआयटूलमध्ये पॉवरच्या कमांडमध्येच डायग म्हणून तो पर्याय आहे. ह्या इंटरप्टकडे प्रोसेसरला दुर्लक्ष करता येत नाही, सहसा अडकलेला कर्नलही तो घेतो, पॅनिक करतो, केडंप चालतं आणि कुठला कोअर कुठे अडकला होता ते डंपमध्ये सापडतं.

आता ट्रेस वाचायचा. समजा कन्सोलवरून हे मिळालं:

बग: कर्नल नल पॉइंटर डीरेफरन्स, ॲड्रेस: ००००००००००००००१८
ऊप्स: ०००० [#१] एसएमपी
सीपीयू: ५ पीआयडी: २२१४ कॉम: एनजिनएक्स टेंटेड: जी ओई
आरआयपी: अमुक_टीएक्स_क्लीन+०x४ए/०x१९० [अमुक]
कॉल ट्रेस: <आयआरक्यू>
अमुक_पोल
? जुनं_काहीतरी
नेट_आरएक्स_ॲक्शन

वरून सुरुवात करू. पत्ता अगदी शून्य नाही, १८ आहे, हे आकडे हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पायावरचे, म्हणजे आपले चोवीस. ह्याचा अर्थ पॉइंटर शून्यच होता पण कोड त्या स्ट्रक्चरच्या चोवीसाव्या बाइटवरचं फील्ड वाचायला गेला. ऊप्सच्या पुढचे चार शून्य हेही सांगतात की कर्नल वाचत होता आणि ते पान मेमरीत नव्हतं, लिहीत असता तर तिथे ०००२ दिसलं असतं. चौकटी कंसातला एक फार महत्त्वाचा, हा बूट झाल्यापासूनचा पहिला ऊप्स आहे. तिथे दोन किंवा तीन दिसलं तर हा ट्रेस तसाच ठेवून मागे जा आणि पहिला शोधा, कारण पहिल्या पडझडीनंतर कर्नलची अवस्था धड नसते आणि पुढचे ट्रेस त्याच पडझडीचे तुकडे असू शकतात.

कॉम म्हणजे त्या क्षणी त्या प्रोसेसरवर कोण चालू होतं. इथे एनजिनएक्स दिसतंय आणि लगेच कुणीतरी म्हणणार वेब सर्व्हरने कर्नल पाडला. पूल कोसळला तेव्हा त्यावरून जी गाडी चालली होती तिचा नंबर आहे हा, एवढंच. त्यातून खाली आयआरक्यू लिहिलेलं आहे, म्हणजे नेटवर्क कार्डाचा इंटरप्ट मध्येच आला होता, एनजिनएक्सचा ह्याच्याशी काडीचा संबंध नाही. तिथे स्वॅपर असं नाव दिसलं तर तो कोअर रिकामा बसला होता असं समजायचं, स्वॅप मेमरीशी त्याचा काही संबंध नाही.

आरआयपी म्हणजे प्रोसेसर त्या क्षणी कोडमध्ये कुठे होता ते सांगणारं रजिस्टर, त्याच्या ओळीत चूक जिथे झाली ते फंक्शन, त्यात किती बाइट आत आणि फंक्शन एकूण केवढं ते लिहिलेलं असतं. ४ए म्हणजे चौऱ्याहत्तर आणि १९० म्हणजे चारशे, म्हणजे चारशे बाइटच्या फंक्शनमध्ये अगदी सुरुवातीलाच. शेवटच्या चौकटी कंसात मॉड्यूलचं, म्हणजे कर्नलमध्ये वेगळा घातलेल्या कोडच्या तुकड्याचं, नाव. ते असलं की शोध एकदम अरुंद होतो, नसलं तर कोड कर्नलच्या मूळ प्रतिमेतला आहे. कॉल ट्रेस खालून वर वाचायचा, सगळ्यात खाली सुरुवात आणि सगळ्यात वर अपघाताची जागा, इथे नेटवर्कचं पॅकेट घ्यायचं काम सुरू झालं, ड्रायव्हरचा पोल आला, त्याने पाठवून झालेल्या पॅकेटांची साफसफाई सुरू केली आणि तिथे कोसळलं. प्रश्नचिन्ह असलेली ओळ सहसा सोडून द्यायची, स्टॅकवर आधीच्या कुठल्यातरी कामाचा उरलेला पत्ता सापडला पण तो ह्या साखळीतला आहे अशी कर्नलला खात्री नाही, असा त्याचा अर्थ.

टेंटेडची, म्हणजे कर्नलला काय काय डाग लागलेत ते सांगणारी, अक्षरं वाचायला विसरू नका. ओ म्हणजे कर्नलच्या सोर्सबाहेरचं मॉड्यूल घातलंय, ई म्हणजे त्यावर सही नाही, पी म्हणजे मालकीचं बंद मॉड्यूल, डब्ल्यू म्हणजे आधी एखादी वॉर्निंग येऊन गेली, डी म्हणजे आधी ऊप्स होऊन गेला, एम म्हणजे प्रोसेसरने हार्डवेअरची चूक कळवली होती, एल म्हणजे सॉफ्ट लॉकअप. आपल्या उदाहरणात बाहेरचा, सही नसलेला नेटवर्क ड्रायव्हर आहे आणि त्याच्याच फंक्शनमध्ये पडलंय. इथे पहिला उपाय म्हणजे तो ड्रायव्हर काढून कर्नलबरोबर येणारा वापरून बघायचा, नाहीतर ज्याने दिला त्याच्याकडून नवीन आवृत्ती मागायची. टेंटेड दिसला म्हणजे तेच मॉड्यूल दोषी असं मात्र नाही, पण कर्नलच्या लोकांकडे तक्रार घेऊन गेलात तर पहिला प्रश्न तोच येणार, की हे काढून पुन्हा होतं का.

काही आकडे बघितल्या बघितल्या ओळखायला शिका. कर्नल मोकळ्या केलेल्या गोष्टींवर मुद्दाम विशिष्ट खुणा लिहून ठेवतो. लिस्टमधून काढलेल्या नोडच्या पॉइंटरमध्ये डेड ह्या चार अक्षरांनी सुरू होणारा पत्ता असतो, शेवटी १०० किंवा १२२. तो ट्रेसमध्ये दिसला की समजायचं, लिस्टमधून आधीच काढलेली वस्तू कुणीतरी परत वापरायला किंवा परत काढायला गेलं. स्लॅब डीबगिंग, म्हणजे कर्नलच्या मेमरी वाटपावरची जादा तपासणी, चालू असेल तर मोकळी केलेली मेमरी ६बी ६बी ६बी ६बी अशी भरलेली दिसते, तिथेही तेच, सोडून दिलेल्या मेमरीला पुन्हा हात. हे सॉफ्टवेअरचे बग.

उलट पत्ता जवळजवळ बरोबर आहे पण एकाच ठिकाणी खोट आहे असं दिसलं तर कान टवकारा. चौसष्ट बिटच्या इंटेल-एएमडी मशीनवर कर्नलचे पत्ते चार एफने सुरू होतात. रजिस्टरच्या यादीत बाकी सगळे तसे आणि एकच एफएफएफ७ ने सुरू होणारा असेल तर एफ आणि सात ह्यात फरक फक्त एका बिटाचा आहे, आणि एक बिट उलटणं ही बहुतेक वेळा खराब मेमरीची सही असते. असा पत्ता वापरायला गेलं की पेज फॉल्ट येत नाही, जनरल प्रोटेक्शन फॉल्ट येतो.

हार्डवेअर की सॉफ्टवेअर हे ठरवायला माझा ठोकताळा सरळ आहे. दोन-तीन क्रॅशचे ट्रेस शेजारी शेजारी ठेवा. प्रत्येक वेळी तेच फंक्शन, तोच ऑफसेट असेल तर बग. एकदा फाइलसिस्टिममध्ये, एकदा नेटवर्कमध्ये, एकदा शेड्यूलरमध्ये, काही ताळमेळच नाही, आणि त्याच कर्नलची बाकी मशीन मजेत चाललीत, तर हार्डवेअर. मधला एक फसवा प्रकारही आहे, एक मॉड्यूल दुसऱ्याच्याच मेमरीत लिहून जातं आणि पडतो तो बिचारा दुसरा, तेव्हाही ट्रेस विखुरलेले दिसतात, पण मग ते एका मशीनपुरतं राहत नाही. मशीन चेक एक्सेप्शन आलं असेल तर वाद नाही, प्रोसेसरने स्वतः सांगितलंय, हार्डवेअर एरर. ईसीसी मेमरी एका बिटाची चूक गुपचूप दुरुस्त करते आणि मोजते, ते आकडे ईडॅक आणि रासडीमन ह्या साधनांमधून दिसतात, आणि एकाच मेमरी पट्टीचा आकडा वाढत चाललाय असं दिसलं तर ती पट्टी बदलायची तारीख तुम्ही ठरवा, नाहीतर ती ठरवेल. शंका असली तर मेमटेस्ट रात्रभर चालवा, अर्ध्या तासात पास झाला ह्याला अर्थ नाही.

बूटलाच येणारे पॅनिक वेगळ्या जातीचे आणि तुलनेने सोपे. रूट फाइलसिस्टिम माउंट करता येत नाही, अननोन ब्लॉक शून्य, शून्य, असा मेसेज कर्नल अपडेटनंतर आला तर नव्या कर्नलचं इनिटरॅमएफएस नीट तयारच झालेलं नसतं, फार वेळा बूटचं पार्टिशन भरलेलं असल्यामुळे. ग्रबच्या, म्हणजे बूटलोडरच्या, मेन्यूतून जुना कर्नल निवडा, वर या, जागा मोकळी करा, इनिटरॅमएफएस परत बनवा. दुसरा मेसेज, अटेम्प्टेड टू किल इनिट. पहिली प्रोसेसच मेली तर कर्नलला पुढे चालवायला काही उरत नाही. ह्यात एक्झिटकोड दिलेला असतो तो बघा, शेवटी ७एफ०० असेल तर ती प्रोसेस १२७ ने बाहेर पडली, म्हणजे बहुधा एखादी लायब्ररी सापडली नाही, आणि शेवटी ०बी असेल तर अकरा नंबरचा सिग्नल, सेगमेंटेशन फॉल्ट. कर्नल इथे निर्दोष, लिबसी, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमना लागणारी सी भाषेची मूळ लायब्ररी, हलवली किंवा अर्धवट अपडेट झाली असं काहीतरी निघतं.

लॉकअपचे मेसेज पाहून घाबरणारे बरेच. सॉफ्ट लॉकअप म्हणजे एक कोअर वीस सेकंदांहून जास्त कर्नलमध्येच अडकला, दुसऱ्या कुणाला पाळीच मिळाली नाही, मेसेजमध्ये बहुतेक २२ किंवा २३ सेकंद लिहिलेलं असतं. हार्ड लॉकअप म्हणजे दहा सेकंद इंटरप्टही घेतला नाही, तो जास्त गंभीर. हंग टास्क म्हणजे प्रोसेस १२० सेकंद डी स्थितीत, म्हणजे कशाचीतरी वाट बघत, उठवता न येणाऱ्या झोपेत, तिथे नव्वद टक्के लक्ष स्टोरेजकडे द्या, डिस्क किंवा नेटवर्कवरची फाइलसिस्टिम उत्तर देत नाहीये. व्हर्च्युअल मशीनवर सॉफ्ट लॉकअप दिसला तर कर्नलवर संशय घ्यायच्या आधी होस्टकडे बघा. होस्टवर गर्दी असेल, स्नॅपशॉट घेताना किंवा मशीन एका होस्टवरून दुसरीकडे हलवताना पाहुणी मशीन काही वेळ थांबवली असेल, तर आतल्या कर्नलला वाटतं आपला कोअर अडकला, प्रत्यक्षात कुणी त्याला चालूच दिलं नाही.

वेळेची नोंद ठेवा, म्हणजे क्रॅश कधी झाला ते तर झालंच पण तोपर्यंत मशीन किती दिवस चालू होतं तेही. २.६.३२ च्या काळातल्या कर्नलमध्ये एक प्रसिद्ध बग होता, मशीन २०८.५ दिवस सलग चाललं की वेळ मोजणारं गणित ओव्हरफ्लो व्हायचं आणि सर्व्हर पडायचा. दोनचा चोपन्नावा घात नॅनोसेकंदात घेतला आणि दिवसांत बदलला तर हाच आकडा येतो. मेंटेनन्सला सगळी रांग एकाच रात्री रीबूट केली असेल तर ती सगळी रांग सात महिन्यांनी जवळजवळ एकदमच जाणार, आणि तेव्हा लोक हल्ला झाला का, वीज गेली का ते शोधणार.

आणि काय बदललं हा प्रश्न. पॅकेज मॅनेजरची हिस्टरी काढा, फर्मवेअर, बायोस, नवीन कार्ड, नवीन एजंट. सिक्युरिटी आणि बॅकअपचे एजंट इथे हमखास राहून जातात कारण ते आपल्याला ॲप्लिकेशन वाटतात, पण त्यातले कितीतरी कर्नलमध्ये मॉड्यूल घालतात आणि काही स्वतःचं स्वतः अपडेट होतात. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका कंटेंट अपडेटने विंडोजची मशीन जगभर निळ्या स्क्रीनवर गेली, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख, आणि कारण काय, तर कर्नलमध्ये चालणाऱ्या कोडला वीस इनपुट मिळाले आणि तो एकविसावा वाचायला गेला, मेमरीच्या हद्दीबाहेर. तिथे कुणी ड्रायव्हर बदललाही नव्हता, फक्त त्याला खायला घातलेली फाइल बदलली होती. त्यामुळे आम्ही काहीच बदललं नाही असं कुणी म्हणालं की मान डोलवायची आणि हिस्टरी स्वतः बघायची.

डंप हातात असेल तर क्रॅश नावाच्या टूलने तो उघडायचा. त्याला डीबग माहितीसकटचा व्हीएमलिनक्स, म्हणजे कर्नलची प्रतिमा असलेली फाइल, लागतो आणि तो अगदी त्याच बिल्डचा, शेवटचा आकडा जरी वेगळा असला तरी उघडणार नाही किंवा उघडून भलतंच दाखवेल. आत गेल्यावर आधी सिस, पॅनिकचं कारण, अपटाइम, लोड एका पानात. मग लॉग, ह्यात डिस्कवर न पोचलेले सगळे कर्नल मेसेज असतात, आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा काम इथेच होतं. मग बीटी, म्हणजे बॅकट्रेस. पीएसमध्ये, म्हणजे प्रोसेसच्या यादीत, यूएन (तीच मघाची डी) स्थितीतल्या प्रोसेस शेकड्याने दिसल्या तर सगळे एका लॉकच्या दारात उभे आहेत, त्यातल्या सगळ्यात जुन्याचा बॅकट्रेस काढा. ह्यापुढे सोर्स कोड उघडावा लागतो आणि ते प्रत्येकाचं काम नाही.

बहुतेकांनी त्याऐवजी फंक्शनचं नाव, मॉड्यूल आणि कर्नलची आवृत्ती घेऊन आपल्या डिस्ट्रिब्यूशनच्या एराटामध्ये, म्हणजे दुरुस्त्यांच्या यादीत, शोधावं, कारण आपल्या आधी कुणालातरी तो बग लागलेला असतो आणि नव्या अपडेटमध्ये दुरुस्तही झालेला असतो. शोधताना पत्ते टाकू नका, ते प्रत्येक बूटला बदलतात, फंक्शनची नावं टाका. काहीच सापडलं नाही, जुना कर्नल चालतो आणि नवा पडतो, आणि क्रॅश हवा तेव्हा घडवून आणता येतो, तर गिट बायसेक्ट आहे, सोळा हजार बदलांमधून दोषी बदल चौदाएक फेऱ्यांत सापडतो कारण दर फेरीला निम्मे गळतात.

तक्रार पाठवताना 'कट हिअर' ही ओळ असेल तर तिथपासून 'एंड ट्रेस'पर्यंतचा सगळा मजकूर द्या, आणि त्याच्या आधीच्या पन्नासएक ओळीही, टेंटेडची ओळ कापू नका, कर्नलची पूर्ण आवृत्ती, मशीनचं मॉडेल, फर्मवेअर, अपटाइम, शेवटचा बदल. डंपची फाइल मात्र कुठेही उघड्यावर टाकू नका. युजर डेटा गाळला तरी डिस्क एन्क्रिप्शनच्या किल्ल्या, नेटवर्क बफरमध्ये अडकलेली पॅकेटं, कमांडच्या ओळीत कुणी टाइप केलेले पासवर्ड त्यात राहू शकतात. सपोर्टने डंप मागितला तर त्यांच्या सुरक्षित अपलोडवरच टाका, आणि केस बंद झाली की व्हार-क्रॅशमधली प्रत पुसा, नाहीतर पुढच्या डंपला जागाच उरायची नाही.